ज्याचा पाना, त्याची सही नको

रायपूरला पोस्टिंग आली आणि पहिल्याच पावसाळ्यात कळलं की इथे रात्री गुरं रस्त्यावर बसतात. शेतात चिखल असतो, डांबर त्यामानाने कोरडं आणि उबदार. पेरणीनंतर मोकळी गुरं आवरायची ‘रोका-छेका’ नावाची रीत छत्तीसगडमध्ये जुनीच आहे. २०२० मध्ये सरकारने तिची मोहीमही काढली. तरी हायवेवर गुरं आहेतच. हा हायवे म्हणजे आपला जुना एनएच ६, आताचा ५३. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर करत तोच रायपुरात येतो.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी आम्ही आरंगहून परतत होतो. मंदिर हसौदच्या अलीकडे पुढच्या ट्रॅक्टरने गुरं पाहून करकचून ब्रेक मारला. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. पण मीही अंतर कमी ठेवलं होतं, ती चूक माझी. ब्रेक दाबूनही ताशी तीसच्या आसपास वेगाने गाडी ट्रॉलीवर आदळली. शेजारी बायको बसली होती. दोघांनीही पट्टे लावले होते, म्हणून साधं खरचटलंही नाही. बंपर फुटला, बॉनेट मधोमध उचललं गेलं, उजवा हेडलाईट गेला आणि रेडिएटरचं हिरवं पाणी रस्त्यावर सांडलं. बाजूच्या टपरीवरचे काका आले आणि म्हणाले, “का होगे गा?” मी म्हणालो, “काही नाही काका, पत्रा गेला.”

गाडी ओढून घरी आणली. आयुष्य ईएमईत गेलेलं. ‘कर्म ही धर्म’ हे आमच्या कोअरचं ब्रीद. माझीच गाडी दुसऱ्याने का खोलावी? शिवाय हिशेब होता. पाच वर्षं क्लेम केला नाही की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर ५० टक्के बोनस मिळतो. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी, तो बोनस राखणारं जादा कलम घेतलं नसेल तर, तो शून्यावर येतो. म्हणून बरेच माजी सैनिक लहानसहान ठोकर खिशातूनच निस्तरतात. मीही तेच ठरवलं आणि विमा कंपनीला न कळवता रविवारी सकाळी पाने काढले.

बरंच काम घरी होतं, हे आजही ठामपणे सांगतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि दहा मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत तार काढल्यावरही थोडा वेळ वीज साठलेली असते. बंपर, जाळी, हेडलाईट, बॉनेट हे सगळं बोल्ट आणि क्लिपांवर असतं. इंजिन थंड झाल्यावर रेडिएटर बदलता येतो. जुनं कूलंट मात्र नालीत ओतू नका. चवीला गोड लागतं म्हणून कुत्री-गुरं ते पितात आणि मरतात. एसीच्या नळ्यांना हात लावू नका, तो गॅस दाबाखाली असतो. एवढं सांभाळलं तर घरच्या अंगणात दोन रविवारांत गाडी उभी राहते, आणि आपल्या हाताने उभी केलेल्या गाडीची मजा वेगळीच.

बंपर काढल्यावर त्यामागे दोन पोकळ दांड्या दिसतात, इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या. उजवीच्या टोकाला पत्र्याला तीन सुरकुत्या पडल्या होत्या. दांडी जेमतेम बोटभर आत गेली होती. मनात म्हटलं, एवढंच ना? साखळी बांधू कडुलिंबाला, गाडी रिव्हर्सला टाकू, उरलेलं गॅसवर तापवून हातोड्याने सरळ करू. जिप्सीच्या काळात असलं पुष्कळ केलेलं.

माझी चूक इथेच होती. जिप्सीखाली शिडीसारखी वेगळी चेसिस असते. तिच्या पुढचा पत्रा वाकला तरी खालचा सांगाडा बहुतेक वेळा शाबूत असतो. आजच्या छोट्या कारला वेगळी चेसिसच नसते, पत्रा हाच सांगाडा. आणि तिचा पुढचा भाग दबण्यासाठीच बनवलेला असतो. बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरने या कल्पनेचं पेटंट १९५२ मध्ये मर्सिडीजसाठी घेतलं. पुढचा भाग चुरगळत जातो आणि धडकेचा जोर खातो, म्हणून माणसं बसलेली पेटी शाबूत राहते. “जुन्या अँबेसेडरचा पत्रा बघा, आताच्या गाड्या म्हणजे डबे” असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो: न दबणाऱ्या गाडीत तो जोर जातो कुठे? आत बसलेल्याच्या छातीत.

त्या तीन सुरकुत्या म्हणजे एकदा वापरून झालेली काडतुसं. हातोड्याने सरळ केल्या तरी दांडी पुन्हा तशीच दबेल याची खात्री नाही. तापवलेलं जास्त ताकदीचं पोलाद मऊ पडतं. एअरबॅग कधी उघडायची हे गाडी किती झपाट्याने थांबते त्यावर ठरतं, आणि सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांचा. पुढची दांडी वेगळी वागली तर तो हिशेब चुकू शकतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही साखळी आणली होती, कारण गाडी माझी, काम माझं आणि पास करणाराही मीच. त्या संध्याकाळी युनिटमधला एक हवालदार सहज आला. वाकून बघितलं आणि म्हणाला, “साब, यूनिट की गाड़ी होती तो आप फिट लिखते?”

मी गप्प बसलो. वर्कशॉपमध्ये ज्याने पाना चालवला तो गाडी पास करत नाही. तपासणारा वेगळा असतो. मेकॅनिकवर विश्वास नाही म्हणून नव्हे. राबलेल्या माणसाला स्वतःच्या कामातली खोट दिसत नाही म्हणून.

गाडी टेम्पोवर चढवून पुढचा भाग मापात ओढणारं यंत्र असलेल्या वर्कशॉपला नेली. दांडीचं टोक बदललं. गाडी आधीच खोललेली, त्यामुळे क्लेमचा मार्ग मीच बंद केला होता. सगळा खर्च खिशातून गेला आणि वाचवायला निघालेल्या बोनसपेक्षा कितीतरी जास्त गेला.

म्हणून निवृत्त मित्रांनो, एवढंच म्हणणं. कॅन्टीनमधून घेतलेली गाडी जरूर स्वतः खोला. पण आधी विमा कंपनीला कळवा, फोटो काढा, नंतरच पाना उचला. बोल्टने लागतं ते तुमचं. वेल्डिंगने लागतं, गॅसने भरतं किंवा बारुदाने उडतं ते तुमचं नाही. पट्टे आवळणारं यंत्र आणि एअरबॅग यांत खरोखरच बारुदासारखा भरणा असतो. कोणी “पुढे लोखंडी गार्ड लाव, परत काही होणार नाही” म्हणालं तर ऐकू नका. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना असल्या गार्डांवर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि गार्ड धडकेचा जोर थेट दांड्यांवर नेतो. आणि शेवटी दुसऱ्या जाणत्या माणसाला गाडीखाली घाला. तुमच्यापेक्षा ज्युनिअर असला तरी चालेल.

गाडी परत आली तेव्हा बायकोने विचारलं, “तुम्हीच नीट केली ना?” मी म्हटलं, “अर्धी.” ती दार उघडून बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, “मग चला.”

जय हिंद.