जुन्या गाडीचा वास काय सांगतो?

दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना इंधन न देण्याचा निर्णय १ जुलै २०२५ रोजी अमलात आला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. गाड्यांच्या वयाची चर्चा मात्र सुरूच आहे. डॉक्टरला हे जरा चमत्कारिक वाटते. रुग्णाची जन्मतारीख पाहून आम्ही निदान करत नाही. जुनी गाडीही तपासता येते आणि पहिली खूण बहुधा नाकालाच मिळते.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. पेट्रोलमधल्या गंधकापासून तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये तयार होतो. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ इंधन आले आणि गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर उतरले. त्यामुळे आज हा वास सतत येत असेल, तर नुसत्या पंपवाल्याला दोष देऊन भागत नाही. इंजिन जादा पेट्रोल पीत असावे किंवा कन्व्हर्टर निकामी झाला असावा. (बॅटरी जादा चार्ज झाली तरी असाच वास येतो, पण तो बॉनेटखालून.) गोडसर वास आणि न थांबणारा पांढरा धूर असेल, तर कूलंट इंजिनात शिरत असण्याची शक्यता मोठी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे.

इथेनॉलमिश्रित ई-२० पेट्रोलमुळे काही जुन्या गाड्यांतले रबरी भाग लवकर बदलावे लागतील, हे सरकारनेही मान्य केले आहे. बंद गाडीजवळ कच्च्या पेट्रोलचा वास आला, तर आधी नळ्या तपासून घ्या. तिथे प्रश्न आगीचा आहे.

माझी खरी काळजी मात्र वास नसलेल्या वायूची आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. पीयूसी चाचणीत पेट्रोल गाडीचा हा वायू मोजतात खरा, पण सायलेन्सरच्या टोकाशी. त्याआधीचा एखादा जोड गळका असेल आणि धूर फटींतून आत येत असेल, तर प्रमाणपत्र वैध आणि मागच्या सीटवरची मुले मलूल, असे होऊ शकते. आपल्याकडे त्यावर ‘गाडी लागली असेल’ म्हणून आवळासुपारी दिली जाते.

गाडी लागणे सहसा एखाद्याला होते. दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळले आणि मोकळ्या हवेत बरे वाटले, तर संशय घ्यावा. धुराचा वास आत येत असेल तर काचा उघडा, गाडी थांबवा, बाहेर पडा. एसी लावून उभ्या गाडीत झोपणे तर टाळाच, बंदिस्त पार्किंगमध्ये विशेषतः. कोणी ग्लानीत असेल तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘गाडीत होतो’ हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाले वाटते. आकडा ९८ दिसला तरी ऑक्सिजन लावावाच लागतो आणि निदान रक्ताच्या वेगळ्या तपासणीने होते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा योग्यता तपासणी होतेच. मॅनिफोल्डपासून टोकापर्यंत गळती पाहणे आणि आत बसून हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजणे तिथे सक्तीचे करायला हवे. तोवर सर्व्हिसिंगला गाडी दिली की ‘सायलेन्सरचे जोड बघ’ एवढे गॅरेजवाल्याला सांगता येईल.