भोवरा सांगतो जन्मकथा

मगरिबनंतर उजनीच्या काठावर बसलो असता मुलांनी आम्हांला विचारले, "आकाशातले कृष्णविवरही पाण्याच्या भोवऱ्यासारखे फिरते का?"

बहुतेक फिरते. संथ वळणारे पाणी मध्याकडे ओढले गेले की गरगरते. कोसळणाऱ्या ताऱ्याचेही तसेच होते. पण तारे जन्मण्याआधी, विश्वाच्या आरंभीच काही कृष्णविवरे बनली असावीत, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली मांडले. तेव्हाचे दाट, जवळजवळ गोल भाग कोसळले असतील, तर त्यांची गिरकी नगण्यच असणार. सूर्याहून हलके आणि जवळपास न फिरणारे कृष्णविवर सापडले, तर ते आरंभीचे असल्याची ती मोठी खूण ठरेल. अजून तसे सापडलेले नाही.

दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळताना उठणाऱ्या लहरींतून त्यांचे वस्तुमान आणि गिरकी यांचा अंदाज येतो. त्या टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा आपल्याच हिंगोली जिल्ह्यात होणार आहे. मुलांनो, तिथे तुमच्यापैकी कुणीतरी असेल, इन्शाअल्लाह!