आकाशातील काटाकाटी

करुणेचा संस्कार देणाऱ्या विद्यालयात लढाऊ जेट विमानांच्या प्रतिकृतींना स्थान असावे काय? शंका रास्त आहे. परंतु या विद्युत्-विमानांच्या लढतीत नेम माणसावर नसतो. प्रतिस्पर्ध्याच्या शेपटीला बांधलेली कागदी फीत कापली की गुण मिळतो. संक्रांतीच्या काटाकाटीचेच हे भावंड, आणि पक्ष्यांचे गळे चिरणाऱ्या नायलॉन मांजाहून कितीतरी सौम्य. पंखा मात्र बोट कापतो, लिथियम बॅटरी पेटू शकते. तेव्हा चार्जिंगपाशी शिक्षक हवाच.

फोम कापून विमान घडविताना गुरुत्वमध्य थोडा मागे सरकला, तरी ते हाताबाहेर जाते. ही समज फळ्यावरून येत नाही. ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठीच्या वँकेल इंजिनाच्या विकासात ज्या नगरच्या ‘व्हीआरडीई’चा वाटा, त्याच जिल्ह्यातील वसतिगृहाच्या मुलाने विमान केवळ पुस्तकात पाहावे, हे मला पटत नाही.

श्रीमंतांचा छंद, हा आक्षेप अधिक खरा. फोम, गोंद स्वस्त. रेडिओ आणि बॅटरी महाग. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी ढालींऐवजी सामाईक रेडिओसंच द्यावा. आपल्याकडे लष्करी क्षेत्रे बरीच. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावरील हिरवे क्षेत्र पाहूनच मैदान निवडावे.