लाल कॅलिपर, काळा डक्ट

कोल्हापुरात ‘ईर्ष्या’ या शब्दाला कुणी नावं ठेवत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब समोरासमोर आले की मॅच तास-दीड तासात संपते, पण पेठेतली चर्चा आठवडाभर चालते. गणपतीत मंडळामंडळांत ईर्ष्या, फुटबॉलात तालमीतालमींत ईर्ष्या, तांबडा रस्सा कुणाच्या घरचा भारी यावर सख्ख्या जावाजावांत ईर्ष्या. मग याच गावातली गाड्यांचा नाद लागलेली पोरं दोन टोळ्यांत वाटली गेली, तर नवल कसलं?

तसं कोल्हापूरला रेसिंग नवं नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात. इथलाच कृष्णराज महाडिक २०१७ आणि २०१८ मध्ये इंग्लंडात ब्रिटिश फॉर्म्युला थ्री चालवून आला. पण आजचा विषय त्या लेव्हलचा नाही. आजचा विषय आहे शिरोली एमआयडीसी. पुण्याहून बंगलोर हायवेनं निघालात की पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे, सांगली फाट्याजवळ जी शेडची रांग लागते आणि काच खाली केली की जळक्या वाळूचा वास येतो, ती.

इथल्या दोन टीम. टीम म्हणजे काय, चार-चार पोरं आणि एक-एक गाडी. पहिले ‘शेडवाले’. कुणी फौंड्रीत, कुणी मशीन शॉपमध्ये, एक वडिलांचा व्हीएमसी सांभाळणारा. त्यांच्याकडे २००५ च्या बॅचमधली जुनी स्विफ्ट, आतून सोलून काढलेली. मागची सीट नाही, कार्पेट नाही, एसी नाही. दुसरे ‘वीकएण्डवाले’. हेही कोल्हापूरचेच, पण सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहिणार आणि शुक्रवारी रात्री हायवेला लागणार. त्यांच्याकडे पोलो जीटी टीएसआय. दोन्ही टीमचे मेंबर एकाच शाळेत शिकलेत, एकमेकांच्या लग्नात नाचलेत. तरी रेसिंगचा विषय निघाला की एकमेकांना ‘ते लोक’ म्हणतात.

तर झालं असं, की एका रविवारी वीकएण्डवाल्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. पोलोच्या पुढच्या चाकाआड चार पिस्टनचे लालभडक कॅलिपर आणि भोकं पाडलेल्या मोठ्या डिस्क! किंमत विचारू नका. तेवढ्यात एक बरी सेकंडहॅण्ड बाइक आली असती. खाली एकच ओळ : ‘आता बोला.’ शेडवाल्यांच्या बाजूनं दिवसभर सन्नाटा. संध्याकाळी नुसता अंगठा.

मला तो अंगठा पाहून १९९७ ची आठवण झाली. फॉर्म्युला वनवाल्यांना हा किस्सा पाठ असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. त्या सीझनला डॅरेन हीथ नावाच्या फोटोग्राफरच्या लक्षात आलं, की मॅक्लारेनच्या गाड्या कोपऱ्यातून बाहेर पडताना, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, मागची ब्रेक डिस्क लाल दिसते. आता वेग वाढवताना कुणी ब्रेक मारतं का? पठ्ठ्या वाट बघत राहिला. नुर्बुर्गरिंगला मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बंद पडल्या, तशी त्यानं कॉकपिटमध्ये कॅमेरा घालून पायांजवळचा फोटो काढला. त्यात एक पेडल जास्त होतं! ते दाबलं की मागच्या एकाच चाकाला ब्रेक लागायचा आणि गाडी कोपऱ्यात जास्त आज्ञाधारकपणे वळायची. एक पेडल आणि जोडीला थोडी पाइपिंग, इतकाच मामला. फायदा म्हणाल तर लॅपला अर्ध्या सेकंदाच्या आसपास, असं टीमचेच लोक नंतर सांगत. फॉर्म्युला वनमध्ये अर्ध्या सेकंदासाठी लोक कारखाने उभे करतात.

पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये मेलबर्नला हॅकिनेन आणि कुल्टहार्ड या मॅक्लारेनच्या जोडीनं पहिला-दुसरा नंबर काढला आणि बाकी सगळ्या गाड्यांना एक लॅप मागे टाकलं. फेरारीचं डोकं फिरलं. ब्राझीलच्या रेसला तक्रार झाली, हे ब्रेक नसून स्टीअरिंग आहे असा मुद्दा आला आणि ते पेडल बंद झालं. मजा अशी, की ब्राझीललाही मॅक्लारेनच पहिली आणि दुसरी आली. वर्षअखेर टीमचं टायटलही त्यांनीच नेलं, १५६ पॉइंट्सना फेरारीचे १३३.

तो फोटो मॅगझीनमध्ये छापून येईपर्यंत मॅक्लारेननं त्या पेडलचा अवाक्षरानंही गाजावाजा केला नव्हता. आमच्या वीकएण्डवाल्यांनी मात्र कॅलिपर बसवायच्या आधीच बॉक्सचा फोटो टाकला होता, तो भाग वेगळा.

पण ब्रेक अपग्रेड म्हणजे नक्की काय? थोडं गणित करू, घाबरू नका. साधारण हजार किलोची गाडी ताशी १४४ किलोमीटरवरून ७२ वर आणायची, तर ब्रेकला ६०० किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तेवढ्या उष्णतेत पावणेदोन लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे अख्ख्या शेडचा चहा, आणि तो तीन-चार सेकंदांत! यातला सुमारे ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. पाच-पाच किलोच्या डिस्क धरल्या, तर प्रत्येक ब्रेकिंगला त्या ऐंशी-पंच्याऐंशी अंशांनी तापतात. सरळ रस्त्यावर त्यांना थंड व्हायला वेळ मिळतो, पण ट्रॅकवर पुढचा कोपरा दहा सेकंदांत हजर. पाच-सहा कोपऱ्यांत डिस्क कुठे पोचते, तुम्हीच हिशेब करा.

आणि गाडी थांबवतो टायर, ब्रेक नाही. तुमचे कंपनीचे ब्रेक चाक लॉक करू शकत असतील किंवा एबीएस चालू करू शकत असतील, तर त्याहून मोठ्या ब्रेकनं पहिल्या झटक्यात गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. मोठी डिस्क घ्यायची ती दहाव्या झटक्यासाठी, कारण तिच्यात उष्णता मावते. हा फंडा कळला नाही तर सगळे पैसे रंगाचे.

मी शिरोलीला गेलो तो पुढच्या शनिवारी. शेडवाल्यांच्या डोक्यात तोवर भलतंच शिजत होतं. त्यांच्यातल्या एकाच्या फौंड्रीत रोज कास्टिंग निघतात. मग आपली डिस्क आपणच का ओतू नये? त्यांच्यापेक्षा वीस मिलिमीटर मोठी, ‘मेड इन शिरोली’ लिहिलेली! कल्पना मला तर एकदम सही वाटली. पण मोल्डिंगला बसणारे तिथले मेस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी हातातलं फावडंसुद्धा खाली ठेवलं नाही.

एकजण म्हणाला, “मामा, एसजीमध्ये ओतू. जास्त स्ट्राँग.”

मामा म्हणाले, “स्ट्राँग पायजे का गार पायजे, ते आधी ठरवा.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. ग्रे आयर्न म्हणजे साधं बीड. त्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं. त्यामुळे ते ताणाला कमजोर, पण त्याच पापुद्र्यांतून उष्णता झरझर वाहते आणि कंपनंही मुरतात. एसजीमध्ये तेच ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं. मजबुती वाढते, उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते. म्हणून जगभर रस्त्यावरच्या गाड्यांच्या डिस्क आजही बहुतेक ग्रे आयर्नच्याच असतात. पुढची गोष्ट कोअरची. व्हेंटिलेटेड डिस्कच्या पोटातल्या हवेच्या वाटा वाळूच्या कोअरनं तयार होतात. तो कोअर ओतताना दीड-दोन मिलिमीटर जरी सरकला, तरी डिस्कची एक भिंत जाड आणि एक पातळ होते. मशीनवर वरून गुळगुळीत करून घ्याल, पण तापल्यावर ती वेडीवाकडी होणार. कंपन्या यासाठी कास्टिंग कापून बघतात, बॅलन्स करतात, टेस्ट रिगवर तापवून तापवून फोडतात.

“वतायला काय, सांजंपतूर चार वतून देतो,” मामा म्हणाले. “पर त्या गाडीत पोरगं बसणार हाय नव्हं? मग न्हाई.”

विषय तिथेच संपला. ज्यांचं पोट कास्टिंगवर चालतं त्या माणसानं कास्टिंगला नाही म्हणावं, हे मला त्या दोन महिन्यांतलं सगळ्यात भारी इंजिनीअरिंग वाटलं.

मग शेडवाल्यांनी जे केलं, ते फोटो काढण्यासारखं अजिबात नव्हतं. आधी ब्रेक ऑइल बदललं. हा सगळ्यात दुर्लक्षित आयटम. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट फोर दर्जाचं नवं ऑइल कमीत कमी २३० अंशांना उकळतं, तेच ओल प्यायल्यावर १५५ पर्यंत घसरू शकतं. उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो. मग पेडल थेट तळाला आणि गाडी आपल्या वाटेनं पुढे. त्यांनी ३०० अंशांच्या वर टिकणारं रेसिंगचं ऑइल भरलं आणि चारही चाकांची एअर काढली, दोनदा. पुढे जास्त तापमानाचे ब्रेक पॅड टाकले, कारण साधे पॅड साडेतीनशेच्या आसपास दम सोडायला लागतात. डिस्क मात्र कंपनीच्याच, नव्या, बिनभोकांच्या. आणि शेवटचं म्हणजे बंपरमधले फॉगलॅम्प काढून त्या भोकांतून काळे लवचिक पाइप डिस्कच्या मध्यापर्यंत नेले. वारा थेट डिस्कच्या पोटात. त्याचे ब्रॅकेट त्याच शेडमध्ये पत्र्यातून वाकवले. सगळा खर्च लाल कॅलिपरच्या बॉक्सच्या कुरियरपेक्षा जास्त असेल, पण फार नाही.

दोन्ही गाड्या गेल्या कोइमतूरला, कारी मोटर स्पीडवेवर. मारुती ८०० चं इंजिन घालून ‘फॉर्म्युला मारुती’ ही परवडणारी सिंगल सीटर बनवणारे एस. करिवर्धन, त्यांच्या नावाचा हा ट्रॅक. लांबी २.१ किलोमीटर, कोपरे भरपूर, म्हणजे ब्रेकची परीक्षा. शिरोलीपासून नऊशेहून जास्त किलोमीटर, तेही गाड्या फ्लॅटबेडवर लादून. इतक्या लांब कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोल्हापूरच्या माणसाला ‘नको’ म्हणून बघावं.

स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. पहिल्या तीन लॅपमध्ये पोलोनं स्विफ्टला धुतलं. टर्बो इंजिन, १०५ पीएसची ताकद, समोर आपली ८७ची म्हातारी. पोलोचा बेस्ट लॅप त्या दिवशी शेवटपर्यंत कुणाला तोडता आला नाही. पण पाचव्या लॅपपासून पोलोवाला कोपऱ्याच्या बराच आधी ब्रेक मारायला लागला. पिटमध्ये आल्यावर म्हणाला, पेडल लांब जातंय. पुढच्या कॅलिपरचे पिस्टन मोठे केले, पण त्यांना तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर कंपनीचाच. मग पेडल लांब जाणारच. शिवाय सगळा जोर पुढे गेला, मागचे ड्रम नुसते फिरायला. पुढे एबीएस टरटर करतंय आणि मागची चाकं निवांत! दुसऱ्या सेशननंतर डिस्कच्या भोकांच्या कडेला केसाएवढ्या चिरा दिसल्या. ऑइल? ते गाडीत आधीपासून होतं तेच.

तिसऱ्या सेशनला मोठ्या सरळ रस्त्याच्या शेवटी पोलोचं पेडल तळाला गेलं. गाडी वळलीच नाही, सरळ गवतात. धूळ उडाली, आणि ती खाली बसेपर्यंत पिटवॉलवर कुणी काही बोललं नाही. दार उघडून तो बाहेर आला, हेल्मेट काढलं, हात वर केला. गाडीला ओरखडा नाही. सगळ्यात आधी त्याच्याकडे धावले ते ‘ते लोक’.

स्विफ्टनं मधल्या काळात सलग चौदा लॅप मारले. पहिला आणि चौदावा यांत एका सेकंदाचाही फरक नव्हता. म्हणजे जिंकलं कोण? पोलोवाले म्हणतात, लॅप टाइम दाखवा. स्विफ्टवाले म्हणतात, चौदा लॅप मारून दाखवा. हा वाद मी सोडवणार नाही, मला दोन्हीकडे जेवायला जायचंय.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे ट्रॅकवर जातो? बरं. पण लॉन्ग वीकएण्डला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन आंबा घाट उतरता ना? न्यूट्रलवर नाहीतर टॉप गिअरवर, पूर्ण उतार ब्रेकवर पाय ठेवून? तिथे तापणारी डिस्क आणि कोइमतूरला तापणारी डिस्क यांत फरक नाही. ऑइल शेवटचं कधी बदललं, सर्व्हिस बुकात बघा. साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि घाटात दुसरा गिअर फुकट मिळतो. एवढं मात्र करू नका : शेडवाल्यांचं ऐकून ऑफिसच्या गाडीत रेसिंगचे पॅड टाकू नका. ते गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटवर, पावसात, समोर स्कूटी आल्यावर तुम्ही ते गरम कधी करणार?

गेल्या शनिवारी रात्री नऊनंतर शिरोलीच्या त्या शेडबाहेर पोलो उभी होती. बंपर उतरवलेला, फॉगलॅम्पच्या जागी दोन भोकं. आत पत्रा वाकवायचं काम चाललेलं. वीकएण्डवाल्यांची एकच अट होती, ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. शेडवाल्यांनी मान्य केली. मी कबूल केलं होतं की फोटो काढणार नाही. लिहिणार नाही, असं कुणी विचारलंच नव्हतं.