आधी मार्ग निवडा, मग इंजिन घ्या

बेंगळुरूत राहणाऱ्या आणि रेल्वे इंजिनांची हुबेहूब छोटी मॉडेल्स जमवण्याचा नाद लागलेल्या मराठी मंडळींना माझं एकच सांगणं आहे: आधी मार्ग निवडा, मग इंजिन घ्या.

बहुतेक घरांत होतं उलटंच. कोणी कंपनीच्या कामासाठी जर्मनीला जातो आणि येताना एक इंजिन घेऊन येतो. दुसरं अमेरिकेतल्या भाचीकडून मागवलं जातं. तिसरं सवलतीत मिळालं म्हणून येतं. पाहता पाहता काचेच्या कपाटात चार देशांची, चार काळांची इंजिनं शेजारी शेजारी उभी राहतात. एकेक पाहावं तर सुरेखच असतं, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो आणि घरातल्या कोणाशीही नसतो. पाहुणे "वा, छान आहे" म्हणतात आणि चहाकडे वळतात. आपल्यालाही पुढे सांगण्यासारखं काही नसतं, कारण त्या गाडीत बसून आपण कधी कुठे गेलेलोच नसतो.

या बाबतीत आयर्लंडच्या छंदिष्टांकडून खूप शिकण्यासारखं आहे. देश लहान, गिऱ्हाईक थोडं आणि रुळांचं माप जगावेगळं: ५ फूट ३ इंच. मोठ्या परदेशी कंपन्या अशा देशाची इंजिनं कशाला काढतील? मग तिथल्याच माणसांनी पुढाकार घेतला. 'मर्फी मॉडेल्स', 'आयरिश रेल्वे मॉडेल्स' अशा छोट्या संस्थांनी आपल्या देशाची इंजिनं मॉडेलमध्ये आणली. तिथला जाणकार 'ए क्लास' इंजिन दाखवताना नुसता रंग दाखवत नाही. १९५५च्या सुमारास ही इंजिनं इंग्लंडहून आली, त्यांच्यातल्या क्रॉसली बनावटीच्या डिझेल इंजिनांनी फार त्रास दिला, मग साठच्या दशकाच्या अखेरीस ती काढून अमेरिकी जनरल मोटर्सची बसवायला घेतली, हे सगळं तो सांगतो. आपल्या हातातलं मॉडेल या बदलाच्या आधीचं की नंतरचं, हेही त्याला ठाऊक असतं. त्याच्या मनात मार्ग पक्का असतो, साल पक्कं असतं, म्हणून एका इंजिनावर तो तासभर बोलू शकतो.

आपल्याकडे असा मार्ग आहे का? बेंगळुरूच्या मराठी माणसाजवळ तर अगदी हाताशी आहे. पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू. एकेकाळी हा सगळा रस्ता मीटरगेजचा होता. १९७१च्या सुमारास पुणे-मिरज ब्रॉडगेज झालं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं बेंगळुरूला येणाऱ्या माणसाला मिरजेला उतरून, ट्रंका-वळकट्या घेऊन, समोरच्या लहान रुळाच्या गाडीत चढावं लागे. नव्वदच्या दशकात पुढचाही मार्ग रुंद झाला आणि मिरजेची ती अदलाबदल संपली. सांगली-कोल्हापूर-बेळगावकडून इथे स्थायिक झालेल्या घरांत ती आठवण असलेले काका-काकू, आजी-आजोबा आजही आहेत. त्यांच्यासमोर जर्मन इंजिन ठेवा आणि मीटरगेजचं वाफेचं इंजिन 'वायपी' ठेवा. कोणत्या इंजिनाकडे पाहून ते बोलायला लागतात, ते तुम्हालाच दिसेल.

या मार्गाचा आणखी एक फायदा आहे, तो नीट समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक जण एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात मॉडेल्स घेतात. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळांवरून बेतलेले आहेत. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. ८७ने भागा, १९.३ मिलिमीटर येतात. म्हणजे एचओच्या रुळावर उभं केलेलं आपलं ब्रॉडगेज इंजिन जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद पायांवर उभं असतं. समोरून पाहिलं की ते डोळ्यांना खटकतं. आयर्लंडवाल्यांचंही हेच दुखणं आहे. त्यांच्या १:७६ प्रमाणात रूळ २१ मिलिमीटरचे हवेत, आणि मिळतात तेच १६.५चे. काही हट्टी मंडळी तिथे २१चे रूळ स्वतः टाकतात.

मीटरगेजचं मात्र नशीब चांगलं. १००० भागिले ८७ म्हणजे ११.५ मिलिमीटर. स्वित्झर्लंडच्या मीटरगेज गाड्यांसाठी युरोपात १२ मिलिमीटरचे रूळ आणि त्यावर चालणारी चाकं-चासी तयार मिळतात. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. डोळ्याला तो कळतही नाही. म्हणजे मिरज-बेंगळुरू मार्ग आपण ब्रॉडगेजपेक्षा कितीतरी खरा उभा करू शकतो. इतकी सोय असताना तो सोडून आल्प्सचे बोगदे बांधत बसणं मला पटत नाही.

अडचण एकच. रंगीत खोक्यात वायपी तयार मिळेल अशी आशा धरू नका. वरचा साचा आपल्यालाच करावा किंवा करवून घ्यावा लागेल. थ्रीडी प्रिंटिंग करून देणारी दुकानं बेंगळुरूत आहेत. मोटर, वायरी, छोटे दिवे, स्विच यांसाठी एस. पी. रोडवर एक फेरी मारली की काम होतं. चित्र काढून देणारा इंजिनिअर तर आपल्या प्रत्येक सोसायटीत बसलेला आहे.

मापं कुठून आणायची? म्हैसूरला जा. तिथलं रेल्वे म्युझियम १९७९ साली सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं. तिथे खरी इंजिनं उघड्यावर उभी आहेत, महाराणीचा १८९९चा डबा आहे. टेप, वही आणि कॅमेरा घेऊन एक दिवस काढा. चाकाचा व्यास, बफरची उंची, पायऱ्यांची जागा, केबिनच्या खिडकीची मापं लिहून घ्या. वायपीचं चालकचाक १३७२ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या मॉडेलात पावणेसोळा मिलिमीटरचं. हा एक आकडा बरोबर ठेवलात तरी इंजिन उभं राहिल्यावर ओळखीचं वाटतं. चालू रुळावर, यार्डात किंवा शेडमध्ये मात्र मापं घ्यायला, फोटो काढायला घुसू नका. त्याला परवानगी लागते, आणि एका मापापायी जीव धोक्यात घालू नये.

ज्यांना वाफेचा खटाटोप नको आणि ब्रॉडगेजच हवं, त्यांनी डब्ल्यूडीएम-२ घ्यावं. १९६२पासून आपल्याकडे धावलेलं हे आल्को घराण्याचं डिझेल इंजिन माहीत नाही असा प्रवासी नसेल. पण पैसे मोजण्याआधी मॉडेल उलटं करा आणि बोगी, म्हणजे खालचा चाकांचा संच, पाहा. खऱ्या इंजिनाच्या प्रत्येक बोगीत तीन आस असतात आणि त्यांच्यामधली अंतरं सारखी नसतात. मधला आस एका बाजूला सरकलेला असतो. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत कुठल्याशा दुसऱ्याच इंजिनाची चासी वापरून वर आपला रंग दिलेला असतो. तिथे तिन्ही आस समान अंतरावर दिसतील. मग पट्टी काढा. खरं इंजिन बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर, म्हणजे एचओत १९७ मिलिमीटरच्या आसपास हवं. एकशे ऐंशी भरलं तर ते डब्ल्यूडीएम-२ नव्हे, विकणारा काहीही म्हणो. सांगाडा उघडू देत असेल तर आतही पाहा: मोटर मध्यभागी आणि दोन्ही बोगींना दांड्याने फिरवणारी असावी. एकाच बोगीत मोटर असलेली इंजिनं चढावर पाच डब्यांतच दमतात.

याच मार्गावरचा पुढचा टप्पा हुबळीचा. १९९९पासून आलेली जनरल मोटर्स रचनेची डब्ल्यूडीजी-४ इंजिनं पहिल्यांदा हुबळीच्याच शेडमध्ये नांदली. त्यांच्या पोटात ७१० मालिकेचं सोळा सिलिंडरचं डिझेल. आयर्लंडच्या १९९४-९५च्या '२०१ क्लास' इंजिनात याच मालिकेचं बारा सिलिंडरचं आहे. डब्लिन आणि हुबळी असे एकाच घराण्यातले निघतात. एखादं परदेशी इंजिन कपाटात ठेवायचंच असेल तर असं नातं असलेलं ठेवा. शेजारच्या इंजिनाबद्दल ते काहीतरी सांगेल.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. चांगल्या मॉडेलाला पाचआकडी रक्कम पडते, वर सीमाशुल्क आणि टपालखर्च. हप्त्यावर इंजिन घेऊ नका. घरात न सांगता घेऊ नका. 'मर्यादित आवृत्ती, पुन्हा मिळणार नाही' या शब्दांना भुलू नका. एकाच साच्यातून नंबर आणि रंग बदलून इंजिनं काढायची, ही या धंद्याची जुनी रीत आहे, आणि संग्राहक एकाच इंजिनाच्या सहा आवृत्त्या घेऊन बसतो. तुमच्या मार्गावर, तुमच्या सालात ते इंजिन धावत होतं का, एवढाच प्रश्न विचारा. नव्वद टक्के मोह तिथेच गळून पडतो.

घेतलेलं जपायचं कसं, तेही ऐका. खोक्यातला फोम काही वर्षांनी चिकट होतो आणि रंगाला डसतो. इंजिन आधी मऊ, आम्लमुक्त कागदात गुंडाळा आणि मग ठेवा. कपाटात उभं ठेवलेल्या इंजिनातलं ग्रीस घट्ट होतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक इंजिन दहा मिनिटं तरी दोन्ही दिशांना चालवा. रुळांवरची काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मशीनवर मारायचा फवारा प्लास्टिकवर मारू नका. जुनं इंजिन विकत घेताना खालचा धातूचा भाग भिंगातून पाहा. जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ झालेली असली तर त्याला बारीक भेगा पडतात, ते फुगतं आणि शेवटी हातात चुरा येतो. त्याला इलाज नाही. असं इंजिन फुकट मिळालं तरच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक इंजिनाची नोंद वहीत करा. खरं इंजिन कोणतं, कोणत्या शेडचं, कोणत्या सालातलं, मॉडेल कुठून आणि केवढ्याला घेतलं, मापं कुठून आणली, काय दुरुस्ती केली. सोबत काकांनी सांगितलेली मिरजेची हकिकतही लिहा. संग्राहक गेल्यावर घरच्यांना यातलं काही माहीत नसतं. मग इंजिनं लहान मुलांच्या हाती जातात किंवा रद्दीबरोबर. डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेल्या सिरिल फ्राय यांनी आयुष्यभर हाताने आयरिश रेल्वेची मॉडेल्स केली. ती टिकली, म्हणून मालाहाइड गावात आज लोक ती पाहू शकतात. मधली काही वर्षं प्रदर्शन बंद होतं, २०२० साली ते नव्या जागेत पुन्हा उघडलं. आपल्या पुण्यात भाऊ जोशी यांनी हेच केलं. कोथरूडमधलं त्यांचं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८पासून लोकांसाठी खुलं आहे. रूळ, सिग्नल, पूल, गाव असं सगळं एकत्र हलताना तिथे दिसतं. पुण्याला जाल तेव्हा मुलांना घेऊन तिथे जरूर जा. एका माणसाचा छंद घराबाहेर कसा पोचतो, ते मुलांना दिसू द्या.

तर या रविवारी नवीन काही मागवू नका. कपाट उघडा, असलेली इंजिनं टेबलावर मांडा आणि त्यातली कोणती तुमच्या मार्गाची, ते ठरवा. बाकीची दुसऱ्या छंदिष्टाला रास्त भावात द्या. मिरज-हुबळीच्या मीटरगेजने आलेलं कोणी वडीलधारं माणूस घरात किंवा शेजारी असेल, तर वही घेऊन आधी त्यांच्याकडे बसा. मॉडेल वर्षभराने केलं तरी चालेल, ही आठवण लिहून घ्यायला मात्र उशीर करू नका.