मंदीतला पाडवा

साडेतीन मुहूर्तांपैकी पाडवा हा घरखरेदीचा मानाचा दिवस. वर्तमानपत्रांची पाने बिल्डरांच्या जाहिरातींनी भरतात, साइट ऑफिसांवर तोरणे लागतात. बाजार तेजीत असला की दुपारपर्यंत बुकिंगची यादी तयार होते. मंदीत माणसे येतात, सॅम्पल फ्लॅट पाहतात, पेढा खातात आणि ‘घरी बोलून कळवतो’ म्हणून निघून जातात. हे ‘कळवतो’ महिनोन्‌महिने ऐकणाऱ्या इस्टेट एजंटाची विचारपूस सणाच्या दिवशीही कुणी करत नाही.

घरमालक भाव येईपर्यंत थांबू शकतो, ग्राहक व्याजदर उतरण्याची वाट पाहू शकतो. स्वतंत्र एजंटाला पगारच नसतो. विक्रीत टक्का-दोन टक्के, भाड्याच्या घरात साधारण महिन्याचे भाडे. व्यवहार फिसकटला की हाती काही नाही. पेट्रोल, गाळ्याचे भाडे, पोर्टलची वर्गणी मात्र चालूच. अशा माणसाला ‘पॉझिटिव्ह राहा’ एवढे सांगून भागत नाही. त्याची उमेद हाताला काम असले तरच टिकते आणि मंदीतही काम असते. फक्त ते वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते.

मुंबई-पुण्याने हे जवळून पाहिले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, मे २०१७ पासून महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाचा कारभार सुरू झाला, जुलैत जीएसटी आला. २०१८ मध्ये आयएलअँडएफएस ही बडी वित्तसंस्था कोसळली आणि इतर वित्तसंस्थांनी बिल्डरांना पैसा देताना हात आखडता घेतला. त्यावर २०२० ची टाळेबंदी. नव्या बुकिंगवरच विसंबलेल्यांची या काळात फरफट झाली. पण भाडेकरार तेव्हाही अकरा महिन्यांनी संपतच होते. जुन्या फ्लॅटच्या मालकांना इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, वारसनोंद, भोगवटा प्रमाणपत्र जुळवून देणारा माणूस हवाच होता. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी कमी केले आणि ग्राहक घाईने परतले. मुदत डोक्यावर असताना कागद तयार असणे हीच मोठी जमेची बाजू होती.

मंदीत घसरण्याची वाटही तितकीच जवळ असते. ‘पुढच्या आठवड्यात रेट वाढणार, आजच टोकन द्या’ हे वाक्य तेव्हाच जास्त ऐकू येते. नोंदणी लागू असलेला प्रकल्प महारेराकडे न नोंदवता विकणे बेकायदा आहे आणि करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हे ग्राहकाला आधीच सांगणारा, प्रसंगी ‘हा हप्ता तुम्हाला झेपणार नाही, वर्षभर भाड्याने राहा’ म्हणणारा एजंट आजची दलाली गमावतो. पण घर घेताना माणूस आधी भावाला, साडूला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारतो आणि तिथे याचेच नाव निघते.

सगळा भार एजंटावर टाकणेही योग्य नाही. महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची करण्याचे पाऊल उचलले, ते योग्यच झाले. पात्रता मागायची आणि ठरलेली दलाली मात्र महिनोन्‌महिने अडकवायची, ही काही बिल्डरांची रीत आता थांबली पाहिजे. एजंटांनीही तेजीतल्या कमाईतून निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा. चूल पेटण्याची खात्री असली तरच ग्राहकाला खरे सांगण्याचे धाडस होते.

या पाडव्याला बुकिंग झाले नाही, तर आजवर घर मिळवून दिलेल्या कुटुंबांना फोन करावा. ताबा मिळाला का, सोसायटी स्थापन झाली का, कन्व्हेयन्स कुठे अडले, एवढेच विचारावे. त्यातून लगेच दलाली मिळणार नाही. पण बाजार उठेल तेव्हा कुणाचा फोन उचलायचा, हे त्या कुटुंबांनी आधीच ठरवलेले असेल.