निकालापलीकडची शाळा

कॉन्व्हेंट म्हटले की कडक इस्त्रीचे गणवेश, अस्खलित इंग्रजी आणि प्रवेशासाठी हेलपाटे घालणारे आईबाप आठवतात. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की शाळा उत्तम, असे आपण ठरवूनही टाकतो. (मुळात चाळून घेतलेल्या मुलींचा निकाल दुसरा काय लागणार?)

कोलकात्यातील सियालदहची लोरेटो डे स्कूल ही मुलींची कॅथलिक शाळा या मोजपट्टीत मावत नाही. १९७९मध्ये आयरिश धर्मभगिनी सिस्टर सिरिल मूनी तिथे मुख्याध्यापिका झाल्या आणि फी न भरू शकणाऱ्या मुलींची संख्या त्यांनी वाढवत नेली. पुढे ती जवळपास निम्म्यावर गेली. १९८५पासून रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठीही दार उघडले. ही ‘रेनबो’ मुले जमेल तेव्हा येत आणि त्यांना शिकवत शाळेतल्याच मोठ्या मुली, तेही शाळेच्या वेळापत्रकातल्या तासाला. अभ्यास बुडेल ही पालकांची धास्ती आम्ही समजू शकतो. पण अपूर्णांक दुसऱ्याला समजावताना आपल्याला तो किती कळला आहे हे जसे उघडे पडते, तसे परीक्षेतही पडत नाही. सिस्टर सिरिल यांना २००७मध्ये पद्मश्री मिळाली.

२०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून, म्हणजे पंचवीस टक्के राखीव जागांच्या अटीतूनही, वगळले. तो त्यांचा घटनादत्त हक्क आहे, त्यावर आमचा वाद नाही. मात्र उत्तम कॅथलिक शाळा कोणती, असे विचारल्यास आमचे मत कायदा येण्याआधीच निम्मे बाक मोकळे करणाऱ्या सियालदहला.